डाव्या पायाचा बूट

लातूरच्या एका बुटांच्या दुकानातून एका तरुणाची नोकरी माझ्यामुळे गेली, एवढे खरे आहे. त्याभोवती जे सांगितले जाते त्यातले बहुतेक खोटे आहे, आणि सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी दुकानात नव्हता. विहारातले माझे सोबती म्हणतात, मी समाजाचा सूड घेतला. मला काम देणाऱ्या पुण्याच्या एजन्सीतल्या बाई म्हणतात, मी कामाचा नियम मोडला. माझी लेक म्हणते, मी निर्दय आहे. तिघांनाही मी तोंडावर उत्तर दिले आहे. पण बोललेले विरून जाते आणि ही माणसे पुढच्या वेळी आपलेच घोडे पुढे दामटतात, म्हणून लिहून ठेवतो.

सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून माझी हयात गेली. आम्ही बौद्ध, माझे आडनाव ऐकले की या भागात कोणालाही ते कळते. हदगावपासून मुखेडपर्यंत सोसायट्यांचे चेअरमन मी आलो की खुर्ची पुसून देत, आणि मी उठून गेलो की तीच खुर्ची पुन्हा पुसत. निवृत्तीनंतर नांदेडात घरी बसून पेपर वाचण्याचा कंटाळा आला, तेव्हा हे मिस्टरी शॉपरचे काम मिळाले. गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरायचे, विकणारा कसा वागतो ते ध्यानात ठेवायचे, आणि बाहेर येऊन मोबाइलवर कंपनीच्या प्रश्नांची उत्तरे भरायची. आपण कोण हे दुकानात कळता कामा नये. शेजारी याला चहाडी म्हणतात. मी चाळीशीत हेच केले तेव्हा त्याला शासकीय तपासणी म्हणत आणि हेच शेजारी वाकून नमस्कार करीत.

काम दिसते तितके सोपे नाही. नांदेडच्या एका सराफी दुकानात मी सोन्याची साखळी मागितली. तिथल्या मुलीने माझ्या चपलांकडे पाहून चांदीची जोडवी पुढे केली. पेट्रोल पंपावर भर उन्हात उभे राहून पोरगा 'झिरो बघा' म्हणतो की नाही ते पाहावे लागे. एकदा पिझ्झा नावाचा पदार्थ खावा लागला आणि तो गरम होता का, याचे उत्तर द्यावे लागले. गरम होता; त्याहून बरे काही त्याच्याविषयी सांगता येणार नाही. सगळ्या दुकानांत एक प्रश्न ठरलेला असे: विकणारा हसला का? हो किंवा नाही. मनापासून हसला का, असे कंपन्या विचारत नाहीत. त्या शहाण्या असतात.

नांदेडात माझा चेहरा ओळखीचा होऊ लागला म्हणून बाईंनी मला लातूर दिले. लोहा, अहमदपूर करीत एसटीने गेलो. त्या बुटांच्या कंपनीचा नियम असा, की विकणाऱ्याने बुटक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकाच्या दोन्ही पायांत बूट स्वतःच्या हाताने चढवावेत. मोठ्या शहरातल्या कोण्या साहेबाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली असणार. आपल्याकडे पायाला हात लावणे म्हणजे काय, याचा त्याने विचार केला नसावा.

तो तरुण पंचविशीचा, उंच, बोलायला गोड. मी पाहिलेल्या विकणाऱ्यांत तो अव्वल होता. विहारात हे वाक्य कोणाला आवडत नाही, पण मी ते खोडणार नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचे नख दुखते हे मी सांगितले नव्हते. त्याने मोजा काढताना ते ओळखले आणि न विचारता रुंद पुढ्याचा जोड आणला. उजव्या पायात बूट चढवला, नाडी बांधली, अंगठ्याने पुढचा भाग दाबून पाहिला. प्रत्येक वाक्याला काका म्हणत होता. मग डाव्या बुटाची नाडी सैल करता करता त्याने विचारले, "काका, गाव कोणतं म्हणायचं?"

"मुखेडकडचं."

"आमची आत्या तिकडंच दिलीय. कोणाच्यातले तुम्ही?"

हा प्रश्न आपल्याकडे एसटीत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत कुठेही विचारतात. त्यात वैर नसते. एखादी सोयरीक निघाली तर बोलायला बरे, एवढाच हेतू. आमच्यातले अनेक जण अशा वेळी गावाचे नाव पुन्हा सांगतात किंवा फोन आल्यासारखे करतात. एजन्सीच्या बाईंनीही सुरुवातीला सांगितले होते, एखादे बनावट नाव तयार ठेवा. मी म्हणालो होतो, नातवाचे लग्न बनावट सांगेन, गरज बनावट सांगेन, आडनाव बनावट सांगणार नाही. मी नियम मोडला तो हा. तो मी कामाला लागण्याआधीच मोडला होता आणि बाईंना तो ठाऊक होता.

मी आडनाव सांगितले.

त्याच्या हातात डावा बूट होता. तो त्याने माझ्या पायासमोर फरशीवर ठेवला, अगदी सरळ, आणि उठून उभा राहिला.

"साहेब, हा तुम्हीच घालून बघा."

काका संपले, साहेब सुरू झाले. एका क्षणात माझा मान एवढा वाढला की त्याचा हात माझ्या पायापर्यंत पोचेना.

विहारात आता असे सांगतात की त्याने जाऊन हात धुतले. धुतले नाहीत. पँटलाही पुसले नाहीत. तोंड वाकडे केले नाही, बिल झाल्यावर पिशवी दोन्ही हातांनी दिली आणि पुन्हा या म्हणाला. ज्यांना या गोष्टीत पाणी आणि साबण घालावेसे वाटते, त्यांना जे घडले ते पुरेसे वाटत नाही, याचे मला नवल वाटते. मला ते पुरले.

बाहेर एका रसवंतीत बसून मी उत्तरे भरली. हसला का? हो. बसायला सांगितले का? हो. दोन्ही बूट स्वतः घातले का? नाही, एकच घातला. शेरा लिहायच्या जागी मी काही लिहिले नाही.

माझ्यावरचा खरा आरोप हाच आहे, आणि तो लेकीचा आहे. ती शाळेत शिकवते आणि प्रश्न बरोबर जागी विचारते. पुण्याच्या बाईंनी फोन करून विचारले होते, त्याने मध्येच का सोडले? मी म्हणालो, कारण त्याला विचारा. त्यांनी दुकानात विचारले. तो म्हणाला, पाठीत उसण भरली होती. मॅनेजरने त्याला कामचुकार ठरवून काढून टाकले. लेक म्हणते, "बाबा, तुम्ही खरं कारणही लिहिलं नाही आणि सोडूनही दिलं नाही."

लिहिले असते तर काय झाले असते, ते मी तिला सांगितले. कंपनीने मुलाला समज देऊन दुसऱ्या गावी पाठवले असते. दोन माणसे पुष्पगुच्छ घेऊन माझ्याकडे आली असती आणि माझ्या शेजारी उभी राहून फोटो काढून गेली असती. मी तिथे तपासायला गेलो होतो, गाऱ्हाणे मांडायला नव्हे. एक बूट घातला, एक घातला नाही. हे मी पाहिले आणि हे मी लिहिले.

पुढे तो तरुण वडिलांना घेऊन माझ्या घरी आला. बिलावर मोबाइल नंबर घेतात, त्यावरून पत्ता काढला. वडील माझ्याच वयाचे, पांढरा सदरा, टोपी, हातांना शेताची राकट कातडी. मुलाची सोयरीक जमली होती. शेती बघून आता कोणी पोरगी देत नाही, नोकरी आहे म्हणून दिली, आणि नोकरी गेल्याचे मुलीकडच्यांच्या कानावर गेले होते. ते म्हणाले, "साहेब, एक फोन करा. पोरगं लई राबतंय. तुमची चूक झाली म्हणून सांगा, बस."

लेकीने चहा आणला. वडिलांनी तो शेवटच्या घोटापर्यंत घेतला आणि रिकामा कप माझ्याकडे कलता धरला.

"बघा साहेब. आमच्यात असलं काही मानत न्हाईत."

"मानत नसता तर कप दाखवला नसता," मी म्हणालो.

लेक आत निघून गेली. मग मी मुलाकडे वळलो. म्हणालो, "डावा बूट का घातला नाहीस, एवढं सांग. खरं सांगितलंस तर आत्ता, वडिलांसमोर, फोन लावतो. हा पोरगा कामचुकार नाही, असं मी स्वतः सांगतो."

"पाठीत उसण भरली होती, साहेब."

"पाठ धरली असती तर त्या दिवसाची सगळी गिऱ्हाइकं तुझ्या डोळ्यांपुढं आली असती. तू नेमका माझाच नंबर कसा काढलास?"

वडील म्हणाले, "सांग की रं."

त्याने वडिलांकडे पाहिले. माझी भीती त्या पाहण्यात नव्हती. खरे कारण सांगायचे म्हणजे ते कोणत्या घरात शिकला हेही सांगावे लागणार, आणि ते घर समोरच टोपी घालून बसले होते. वडिलांनाही ते समजले, कारण त्यांनी नजर कपात घातली.

"पाठच धरली होती," मुलगा म्हणाला.

"पोरगं म्हणतंय तर धरलीच असंल," वडील म्हणाले.

मी फोन खिशात ठेवला. ते उठले. पायरीवर मुलाने सँडलचे पट्टे लावले तेव्हा तो दोन्ही वेळा सहज वाकला. पाठीत काही नव्हते, हे तिघांनीही पाहिले.

लेक त्यानंतर काही दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. तिचे म्हणणे, फोन केला असता तर काय झिजले असते. माझे म्हणणे, मी दार उघडे ठेवले होते, आत येण्याची किंमत एक वाक्य होती. तपासलेल्या माणसाशी गाठ पडली हे मी नियमाप्रमाणे एजन्सीला कळवले आणि माझे काम बंद झाले. त्याचे मला दुःख नाही.

सोयरीक मोडली. हे मुखेडच्या बाजूने, त्याच्या आत्याच्या गावाकडून माझ्या कानावर आले. लेक म्हणते, ती मी मोडली. तसे नाही. पाठीच्या दुखण्याची कथा त्याने दुकानात सांगितली, गावात सांगितली, माझ्या ओसरीवर दोनदा सांगितली. ती फिरत फिरत मुलीच्या बापापर्यंत गेली. नोकरी गेलेला जावई कदाचित त्यांनी चालवून घेतला असता, दुसरी लागेल म्हणून. पंचविशीत पाठ गेलेला जावई कोणी घेत नाही. त्याने खरे कारण सांगितले असते तर सोयरीक टिकली असती. नोकरी कशापायी गेली ते ऐकून मुलीच्या बापाने त्याला जवळ बसवून घेतले असते. त्या माणसांच्या सोसायट्या मी तपासल्या आहेत. मी त्यांना ओळखतो.