डिस्क पुसायचं फडकं

माझं काम कोणाला समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. नांदेडला घरी बसून मी एका सॉफ्टवेअरची डागडुजी करते. ते डिस्कवर माहिती साठवतं, फुकट आहे, जगभरातली माणसं मिळून चालवतात. मागच्या वर्षी त्यातले जुने नियम काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नियम म्हणजे काय, तर डिस्क जोडली की तिच्यावरची खूण वाचायची, ही आपलीच म्हणून ओळखायची आणि चालू करायची. आता ओळखायची नवी पद्धत आलीय. जुन्या खुणेच्या डिस्क कोणी वापरतं का, असं सगळ्यांना विचारलं, तर कोणी हूं की चूं केलं नाही.

मी केलं. लातूरला आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत चार डिस्कची एक पेटी आहे, मीच बसवलेली. तिच्यात माझी अक्का आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती भोकर, उमरी, लोहा करत गावोगाव हिंडली, म्हाताऱ्या बायांना धम्म घेतला तेव्हाचं विचारत आणि ते रेकॉर्ड करत. बाया बोलतात आणि मधेच अक्का विचारते, "मग सासू काय म्हन्ली?" अक्का गेली. तिचा आवाज तेवढाच उरला. दाजी, म्हणजे तिचे मालक, दर पौर्णिमेला वंदना झाली की तो ऐकत बसतात. दुसरी प्रत काढू म्हणून मी लई डोकं फोडलं, पण "कशाला, चालू हाय की" हे दाजींचं ठरलेलं उत्तर.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहाराची साफसफाई असते. फरशी धुतात, मूर्ती पुसतात, आणि आमचे दाजी चारही डिस्क पेटीतून उपसून पुसतात. मग हाताला येईल त्या खाचेत परत घालतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, खाचा बदलल्या, आता सगळं गेलं.

"दाजी, असं करायचं नसतं."

"वळखती की बरोबर पेटी," म्हणाले.

ओळखत होतीच. तो जुना नियमच तर ते करून राहिला होता.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑनलाइन बैठकीत मी जुना नियम राहू द्या म्हणून भांडले. एकजण शांतपणे म्हणाला, त्या माणसाला नव्या पद्धतीवर आणा, एका पेटीसाठी सगळ्यांनी जुनं ओझं का वाहायचं? बरोबर बोलला, म्हणूनच जास्त राग आला. नियम शेवटी मीच काढले. दुसऱ्या कोणी काढले असते तर दाजींना फोन कोणी केला असता? मी येईपर्यंत अपडेटला हात लावू नका, असं बजावलं. "हाव," म्हणाले. त्याचीच भीती होती. अपडेट झालं की पेटीला त्या डिस्क कोऱ्या वाटणार, ती पुसू का म्हणून विचारणार, आणि दाजी सगळ्यालाच हाव म्हणतात.

नवी पेटी पिशवीत घालून एसटीनं लातूर गाठलं. दाजींनी कशालाच हात लावला नव्हता. दुपारभर नक्कल चालली. मग नव्या पेटीतून लावून बघितलं. "मग सासू काय म्हन्ली?" मला रडूच आलं. दाजी मान हलवत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी नवी पेटी उलटीपालटी करून बघितली.

"उघडती कुठून ही?"

"उघडत नाही, दाजी. बंदच असते. पुसायचं काही नाही तिच्यात."

"आन ह्या जुन्या?"

"अपडेट झालं की त्यांना पेटी ओळखणार नाही."

त्यांच्या हातात फडकं होतं. अक्काच्या वंदनेच्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा, मी तो आजवर नीट बघितलाच नव्हता. त्याची घडी घालत म्हणाले, "मग पौर्निमेला मी काय करू?"

"ऐकायचं की, दाजी. आता काही भीती नाही."

"ऐकनं तर हायच," ते म्हणाले. "पन तिचं म्हनून हातानं करायचं तेवढंच राहिलं होतं, माय."