छोट्याचं माप

लोकांच्या गॅरेजमध्ये गोल्फ बसवणं हा माझा धंदा. ऐकून लोक हसतात, हसू देत. समोर जाड कापडाचा पडदा, छताला प्रोजेक्टर, खाली नकली हिरवळीची चटई आणि बाजूला माणसाची हालचाल टिपणारं यंत्र. खरा चेंडू पडद्यावर धप्पकन आदळतो आणि पडद्यातल्या मैदानावर पुढे उडत जातो. सगळा हौसेचा मामला. त्यामुळे एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी आपली फिरकी घेतंय.

गल्लीत त्यांना टेपमावशी म्हणत. दुकान कधीच बंद झालं होतं, पण मोजायची टेप काही गळ्यातून उतरली नव्हती. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत आणि यावरून त्यांची भरपूर थट्टा चाले. शेजारीण केस कापून आली की मावशी तिला "कोण पाहिजे?" विचारत, आणि ती फणकाऱ्यानं पाठ फिरवून निघाली की लगेच नावानं हाक मारत. "चेहऱ्याचं काय घेऊन बसलात, तो रोज वेगळा दिसतो," त्या म्हणत. "खांदा बघावा माणसाचा." नवरा लवकर गेला. शिलाई मशीन चालवून एकटीनं पोरगा वाढवला. तो असा ताडमाड वाढला की सगळे त्याला छोट्या म्हणू लागले.

या छोट्याला गोल्फचं वेड. मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहायचा आणि कोणी बघत नसलं की स्वतः खेळून घ्यायचा. मावशींना तो दुकानात हवा होता. एकदा डोकं फिरलं आणि त्यांनी त्याच्या गोल्फच्या जुन्या स्टिका भंगारवाल्याला देऊन टाकल्या. छोट्या घरी आला, रिकामा कोपरा बघितला आणि आल्या पावली निघून गेला. वीसेक वर्षं त्याचा ठावठिकाणा नव्हता.

"आता खेळच घरात आणून ठेवते," मावशी मला म्हणाल्या. "कोणा ना कोणाकडून त्याच्या कानावर जाईल. तो एकदा या दारातून आत आला ना, की मी सुटले."

गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. दुकानातले पुतळे होते, बिनडोक्याचे, कमरेखाली लोखंडी दांडा. मी म्हटलं, हे हलवतो. तर म्हणाल्या, "राहू देत की भिंतीशी. खेळ म्हटला की बघायला चार माणसं नकोत?" मी हसलो. पण प्रोजेक्टर लावायचा म्हणून भर दुपारी शटर खाली ओढलं, अंधार झाला आणि पडद्याचा हिरवा उजेड त्या पुतळ्यांच्या छातीवर पडला, तेव्हा माझं हसू आपोआप मावळलं.

"खेळणाऱ्याची उंची किती?" मी विचारलं.

"तुझ्याएवढी."

"डावखुरा की उजवा?"

"तू आत्ता ड्रिल कुठल्या हातात धरलं होतंस?"

"डाव्या."

"मग तसाच."

खेळणारा हजर नसला की आम्ही आमचीच मापं भरतो आणि दहा-वीस चेंडू मारून यंत्र चालू करून देतो. खरा खेळाडू आला की बदलता येतं. मी तेच केलं. नावाच्या जागी मावशींनी सांगितलं म्हणून 'छोट्या' लिहिलं. यंत्रानं माझी हालचाल टिपली आणि पडद्यावर एक उंच, पाठमोरा माणूस उभा राहिला. मी मारलं की तो मारायचा. मी थांबलो की तोही थांबायचा आणि उगाच या पायावरून त्या पायावर व्हायचा. मावशींनी खुर्ची ओढली. बसून त्या पाठीकडे टक लावून बघू लागल्या.

"डावा खांदा असाच टाकतो तो," त्या हळूच म्हणाल्या.

मी स्टिक खाली ठेवली. तो खांदा माझा होता.

मग फोन सुरू झाले. "अरे, छोट्या खेळत नाहीये." आता तो खेळणार कसा? मी गेल्याशिवाय त्याला खेळवणार कोण? दर वेळी जाऊन बघावं तर यंत्र ठणठणीत, शटर खाली, मावशी खुर्चीत आणि पडद्यावर तो पाठमोरा उभा. दिवसदिवस त्या यंत्र चालूच ठेवत. चिडून मी म्हणायचो, "मावशी, मला दुसरी कामं आहेत." त्या म्हणायच्या, "चहा टाकलाय, चार चेंडू मार आणि जा." मी मारायचो. नाही म्हणवत नसे, खरं सांगतो. हळूहळू मला तो आवाज आवडेनासा झाला. चेंडू पडद्यावर आदळला की मागे कोणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटे. वळून पाहावं तर पुतळे.

एक दिवस त्यांनी शर्ट पुढे केला. छोट्यासाठी शिवलेला. "घालून बघ जरा, बाही कळेल." माप न घेता शिवलेला तो शर्ट मला असा बसला, की माझे स्वतःचे कपडेही कधी तसे बसले नाहीत. काढायला गेलो तर म्हणाल्या, "असू दे. थंडी आहे."

तो शर्ट अंगात असतानाच एका दुपारी शटर बाहेरून वर गेलं. ऊन आत घुसलं, पडदा फिका पडला. दारात टक्कल पडलेला, सुटलेल्या पोटाचा एक माणूस उभा होता. उंच असावा, पण वाकलेला. खांद्याला पिशवी.

"आई," तो म्हणाला. "कळलं मला. घरात गोल्फ बसवलंस म्हणे."

मावशी उठल्या. जवळ गेल्या, पण चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. गळ्यातली टेप काढली. तो माणूस पिशवी खाली ठेवून, पाठ करून, हात पसरून उभा राहिला. न सांगता. लहानपणापासूनची सवय असणार. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मावशींनी खांदा मोजला, बाही मोजली, पुन्हा खांदा मोजला.

"एक खांदा उतरलेला," त्या म्हणाल्या. "नाही. हे त्याचं नाही."

"आई, गोदामात ओझी उचलताना निखळला होता गं. नीट बसलाच नाही."

"असेल हो." गिऱ्हाइकाशी बोलावं तितक्या गोडीनं त्या बोलत होत्या. "पण मी आता बाहेरचं काम घेत नाही. दुकान बंद केलंय."

मी पुढे झालो. "मावशी, अहो, हाच तुमचा मुलगा. मी मशीनवाला. मी फक्त माझी मापं भरली होती."

मावशी माझ्याकडे वळल्या. माझ्या शर्टाची शिवण त्यांनी बोटानं सारखी केली आणि त्या पाहुण्याकडे बघून कौतुकानं हसल्या. "बघितलंत? स्टिका दिल्याचा राग अजून गेला नाही. परक्यासारखं बोलतो माझ्याशी."

तो माणूस पडद्याकडे बघत होता. तिथे त्याची तरुण पाठ उभी होती, या पायावरून त्या पायावर होत. त्यानं स्टिक उचलली नाही. पिशवी उचलली. मी त्याच्यामागे बाहेर गेलो, हात धरला, म्हटलं, थांबा, दोन दिवस राहा, ओळखतील.

"कशानं ओळखेल?" तो म्हणाला. "ती मला कायम याच्यानंच ओळखायची." त्यानं उतरलेल्या खांद्यावर हात ठेवला. "किती वर्षांनी हसताना बघितलं तिला. तिला खोटं पाडू नका." दोन पावलं जाऊन तो परत वळला. "जेवताना ती पाणी घेत नाही, घास अडकतो. तेवढं बघा."

मी आत आलो. मावशींनी शटर ओढून घेतलं. अंधारात पडदा पुन्हा हिरवागार झाला.

"कोण होतं रे, छोट्या?"

पडद्यावरचा तो थांबला होता. मीही थांबलो होतो.

"कोणी नाही, आई," मी म्हणालो. "गिऱ्हाईक होतं."