मालतीची हजेरी

दवाखान्यात न्यायला रिक्षा उभी होती. माझ्या पत्नीला, मालतीला, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या वहिनींनी धरले होते. उंबऱ्याशी ती म्हणाली, "अहो, जरा थांबा..." आणि अंगात त्राण नसताना पाय उचलून तिने दाराशी अंथरलेले पायपुसणे ओलांडले. ती परत आली नाही. त्याला आता दीड महिना झाला.

लग्नानंतर आम्ही चिंचवडला आलो तेव्हा कारखान्यांच्या मधूनमधून ज्वारीची शेते होती. मी भोसरीला कामाला जाई. तेलकट हात पुसायला आम्हाला रंगीत सुताचे गुंते मिळत. सायकल पुसण्यासाठी त्यांतले थोडे मी घरी आणी. मालती ते सोडवून ठेवी. खोक्याच्या फळ्यांना खिळे ठोकून तिने चौकट केली आणि विणू लागली. वर्षभराने पाहिले, तर त्यात ना फूल ना पोपट. नुसते आडवे पट्टे.

"तुमचं कार्ड कंपनीत, ही माझी हजेरी," ती म्हणाली. "स्टोव्ह पेटवला की काळा धागा, धुणं धुतलं की निळा, स्वतःसाठी बसले की लाल." लाल शोधावे लागत होते.

"आणि हे विणायला बसतेस ते?"

"तेच तर लाल आहेत."

वसाहतीतल्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात तिने ते भिंतीवर टांगले. परीक्षक बाईंनी विचारले, "हे कशावर घालायचं?" मालती म्हणाली, "कशावर नाही. बघायचं." माझ्या मागून खात्यातला एकजण हसला, "काय राव, वहिनींनी आपलं हात पुसायचं सूत भिंतीला टांगलं की!" मी कानकोंडा झालो. घाईने म्हणालो, "पायपुसणं आहे हो ते. चुकून वर लागलंय."

"एवढं मोठं? हत्ती पाळलाय का घरी?"

सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन तिने ते दुमडून दाराशी टाकले. "अगं, उचल ते," मी पुटपुटलो. "नाव तुम्ही ठेवलंत. उचलायचं तर तुम्हीच उचला." उचलणे म्हणजे चूक कबूल करणे होते, मी उचलले नाही. चौकटीच्या फळ्या बंबात गेल्या. ती पुन्हा विणायला बसली नाही, आणि मी वर्षानुवर्षे शिफ्टवरून येऊन त्यावर पाय पुसत राहिलो. तिने मात्र त्यावर कधीच पाऊल ठेवले नव्हते, हे मला रिक्षा दाराशी उभी होती त्या दिवशी कळले. आता आठवू लागलो की कळशी घेऊन असो वा भाजीची पिशवी, ती पाय उचलूनच आत येताना दिसते...

तिचे दिवस झाल्यावर मी ते उचलले, तीनदा धुतले आणि भिंतीवर लावले. शेजारच्या वहिनींनी विचारले, "भाऊ, हे काय?" "मालतीनं विणलंय. बघायला," एवढेच म्हणालो. दाराशी फरशीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला आहे. मी तो ओलांडून आत येतो.