सरांनी लाटलेली पहाट

आमच्या सरांनी मला फसवलं. मी केलेली पहाट त्यांनी स्वतःच्या नावावर लावली, आणि तीही माझ्या सासऱ्यांच्या देखत.

सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले, हौशी नाटकं लिहिणारे आणि बसवणारे गृहस्थ. मी नाशकात कार्यक्रमांना लाईट पुरवतो. सुरुवात लग्नाच्या माळांपासून केली. आता दिंडोरीकडच्या वायनरींत गाण्याचे कार्यक्रम होतात तिथवर माझा माल जातो. सौद्यात मला आजवर कोणी गुंडाळलेलं नाही. सर सोडून.

सासरे मनमाडचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्या लेखी दिवा एक तर लागलेला असतो, नाहीतर विझलेला; मधलं काही नसतं. मी नवे डिमर घेतले तेव्हा मोठ्या हौसेने त्यांना आणि बायकोला गोदामात नेलं.

"मामा, या पेटीने दिवा हळूहळू कमीजास्त करता येतो."

त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली. "म्हणजे जावईबापू, तुम्ही उजेड कमी देता आणि भाडं पूर्ण घेता?"

बायको इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं: भरल्या नाट्यगृहात, माईकवरून, 'प्रकाशयोजना' या शब्दापुढे माझं नाव या माणसाला ऐकवायचं.

म्हणून सर स्पर्धेच्या नाटकासाठी गोदामात आले आणि "शेठ, भाड्याचं जरा बघा" म्हणाले, तेव्हा मी स्वतःहून भाडं निम्म्यावर आणलं. अट एकच. नाटकाआधीच्या घोषणेत प्रकाशयोजना माझ्या नावावर. सर लगेच "हो" म्हणाले. ग्राहक घासाघीस न करता हो म्हणाला की मी सावध होतो. त्या दिवशी नाही झालो.

नाटकाच्या शेवटी एक बाई उंबऱ्यावर बसलेली असते, आणि पहाट होते. कोणी बोलत नाही, संगीत नाही. जे काय करायचं ते दिव्यांनी. तालमीला मी टेबलावरचा स्लायडर हळूच वर सरकवला. काहीच नाही. आणखी सरकवला. काहीच नाही. आणि मग एकदम भक्कन उजेड.

सर खुर्चीतून ओरडले, "शेठ, पहाट आहे ती! पोलिसांची धाड नाही!"

मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. हॅलोजनचा दिवा गार असला की थोड्या विजेने जागा होत नाही, आणि जागा झाला की उसळतो. त्यावर उपाय डिमरमध्येच असतो. प्रत्येक डिमरला आधी सांगून ठेवायचं, की स्लायडर शून्यावर असला तरी दिव्याला किंचित वीज देत राहा, म्हणजे तार कोमट राहील. आणि स्लायडर किती सरकल्यावर उजेड किती वाढवायचा, तेही सांगून ठेवायचं. मी पेटीसमोर पोतं टाकून बसलो आणि एकेका डिमरची बटणं दाबत गेलो.

पहिल्या खेपेला ती किंचित वीज जास्त झाली. काळोख केला तरी दिवे निखाऱ्यासारखे लालसर दिसत होते. त्याच काळोखात, नाटकात नुकताच वारलेला नवरा उठून स्वतःची खाट उचलून विंगेत निघाला होता.

"शेठ, मयत दिसतंय!" सर पुन्हा ओरडले. "मयत खाट घेऊन चाललंय!"

खाट तिथेच टाकून तो नट हसत खाली बसला. मी वीज उतरवली. मग जेवणाची सुट्टी झाली, सगळे गेले, मी बसून राहिलो. मागच्या दिव्यांना आधी येऊ द्यायचं, बाईच्या चेहऱ्यावरच्या दिव्याला अगदी शेवटी. तिच्या जागी स्टूल ठेवून मी पुन्हा पुन्हा पहाट केली. शेवटी ती अशी आली की कधी आली ते माझं मलाच सांगता येईना.

प्रयोगाला सासऱ्यांना मनमाडहून बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते तिसऱ्या रांगेत बसले. मी सर्वांत मागे, लाईटच्या टेबलाशी. तिसरी घंटा झाली, पडद्यामागून घोषणा सुरू झाली. "लेखन, दिग्दर्शन आणि प्रकाशयोजना..." आणि सरांचं नाव. माझं नाव आलं, नाही असं नाही. 'विशेष आभार' मध्ये आलं, खाट देणाऱ्याच्या खालोखाल. सासऱ्यांनी मान वळवून मागे पाहिलं आणि मला हात केला. आभार मानल्याबद्दल अभिनंदन असावं.

माझं डोकं फिरलं. स्लायडर माझ्या हातात होता. ठरवलं, आज पोलिसांची धाडच घालायची. एका झटक्यात सरांची पहाट फुकट घालवता आली असती. पण ती बाई उंबऱ्यावर येऊन बसली आणि माझं बोट ऐकेना. पहाट माझी होती. सरांवरच्या रागापायी मी माझा माल का खराब दाखवू? मी ती हळूहळू, नीट, शेवटपर्यंत केली.

बाहेर पडल्यावर सासऱ्यांना विचारलं, "मामा, शेवटची पहाट कशी वाटली?"

"झकास. मास्तरांनी कमाल केली. उजेड कधी झाला कळलंसुद्धा नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुम्ही काय करत होतात तेव्हा?"

प्रकाशयोजनेचं बक्षीस सरांना मिळालं. हार घालून फोटो काढून झाल्यावर त्यांना मी मिसळीच्या दुकानात गाठलं.

"सर, आपलं ठरलं काय होतं?"

"शेठ, रागावू नका. योजना म्हणजे विचार. पहाट माझ्या संहितेतच आहे. तुम्ही ती मशीनवर लावलीत."

"तुमच्या संहितेत दोन शब्द आहेत, सर. 'पहाट होते.' ती होत नव्हती."

सर हसले आणि माझ्यासाठी जास्तीची तर्री मागवली. म्हणे विषय संपला.

संपलेला नाही. सासरे अजून सोयऱ्याधायऱ्यांत सांगतात, की आमचे जावई नाटकवाल्यांना वायरी पुरवतात, स्वभावाने चांगले आहेत. आणि परवा सर पुन्हा गोदामात आले होते. नव्या नाटकात त्यांना संध्याकाळ हवी आहे, लांबलचक, विरघळत जाणारी.

संध्याकाळ मिळेल, सर. भाड्याचंही बघू. पण त्याआधी माझ्याबरोबर मनमाडला यायचं, माझ्या सासऱ्यांच्या समोर बसायचं, आणि ती पहाट कोणी केली ते तुमच्या तोंडाने सांगायचं. बोला सर, कधी निघायचं?