पापणी मिटणारा जीव

काल टीव्हीवर दक्षिण आफ्रिकेच्या वाळूत राहणारी, पाय अजिबात नसलेली सापसुरळी दाखवली. हा साप नव्हे, असे निवेदक बजावून सांगत होता, आणि पडद्यावर तिने संथपणे पापणी मिटली. मी टीव्ही बंद केला.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, गिरीज गावातल्या आमच्या वाडीत केळीचे कोंब खणून काढताना अशीच एक चकचकीत सापसुरळी ओल्या मातीतून वर आली होती. तिचे पाय इतके इवले, की असून नसल्यासारखे. मी "साप!" म्हणून कुदळ उगारली, तोच माझ्या बायकोने, कुमुदने, माझा हात धरला.

"अहो कायदेपंडित, आरोपीचं म्हणणं तरी ऐकून घ्या!"

"पुरावा काय?" मी गुरकावलो.

"थांबा जरा. साप कधी पापणी मिटत नाही."

केळीच्या चिकाचा तुरट वास हाताला येत होता. आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो. त्या जिवाने पापणी मिटली आणि कुमुद टाळी वाजवून हसली. "निर्दोष सुटली हो!"

त्या वाडीवर आज बेकायदा भराव आहे. त्याविरुद्ध मी अर्ज करत आलो आहे आणि जिवंत असेपर्यंत करत राहीन.

परंतु गेल्या वर्षी इस्पितळात डॉक्टर कुमुदच्या चेहऱ्यावर चादर ओढू लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. "थांबा जरा," मी ओरडलो, "आधी नीट पाहा!" ते बिचारे थांबले. तिचे डोळे अर्धवट उघडे होते. मी वाकून पाहत राहिलो.

अखेर त्या पापण्या मलाच मिटाव्या लागल्या.