आवार आणि परिसर

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरच्या सोमवारी सकाळी खालापूर तालुक्यातील एका कारखान्यात मागे येणाऱ्या कंटेनरखाली सापडून एका कंत्राटी हमालाचा मृत्यू झाला. तो माल चढवायच्या धक्क्यावर काम करत होता. धक्का कारखान्याच्या कुंपणाच्या आत आहे.

या कारखान्याच्या जनसंपर्क विभागात मी नोकरी करतो. विभाग म्हणजे मी, एक संगणक आणि कात्रणांची फाइल. त्याआधी कर्जतला एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर होतो. खालापूरही माझ्याकडेच होते. बातमीला मानधन आणि जाहिरातीला कमिशन अशी तिथली पद्धत. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरात मागायला या कारखान्यात आलो, तेव्हा व्यवस्थापकांनी जाहिरात दिली आणि नोकरी करणार का, असेही विचारले. मुलगी नुकतीच नेरळच्या शाळेत जाऊ लागली होती. मी हो म्हटले.

दैनिकात शिकलेले फारसे काही इथे लागत नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. वार्ताहर म्हणून पहिल्याच वर्षी कशेळ्याच्या पुढच्या एका गावातून बातमी पाठवली होती: शाळेच्या परिसरात विद्यार्थ्याला सर्पदंश. बातम्या तपासणाऱ्या डेस्कप्रमुखांचा फोन आला.

"परिसरात म्हणजे कुठं रे?"

"शाळेजवळ, सर."

"कुंपणाच्या आत की बाहेर?"

मला माहीत नव्हते.

"मग जा, कुंपण बघून ये. आवारात म्हटलं की कोणीतरी जबाबदार असतं. परिसरात चावला तर सापच जबाबदार."

मी परत गेलो. साप आत, पाण्याच्या नळाजवळ चावला होता. 'आवारात' अशी बातमी लागली. महिन्याभरात नळाभोवतीचे गवत कापले गेले. त्यानंतर हे दोन शब्द मी कधी एकमेकांच्या जागी वापरले नाहीत.

अपघाताच्या दिवशी प्रेसनोटचा इंग्रजी मसुदा व्यवस्थापकांनी मंजूर केला. त्यात 'प्रिमायसेस' हा शब्द होता. व्यवस्थापक परराज्यातले, त्यांना मराठी वाचता येत नाही. मराठी नोट माझ्यावर सोपवलेली असते. या शब्दासाठी मराठीत आवारही चालते आणि परिसरही चालतो. मी 'आवारात' लिहिले आणि नोट पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. संध्याकाळी कळले की हमालाची पाळी संपली होती आणि तो गेटबाहेरच्या रस्त्यावर होता, असे कंत्राटदाराने पोलिसांना सांगितले आहे. धक्क्यावरचा कॅमेरा बंद होता, असे सुरक्षा विभागाने सांगितले.

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या दैनिकात ती नोट जशीच्या तशी आली. वर कंपनीच्या नावाऐवजी 'खालापूर (वार्ताहर)' असे होते. पूर्वी माझ्या बातम्यांवर असायचे तसेच. एकच शब्द बदललेला होता. अपघात 'कारखान्याच्या परिसरात' झाला होता.

मी डेस्कप्रमुखांना फोन केला.

"सर, माझ्या नोटमध्ये आवारात होतं."

"होतं ना. मीच बदललं."

"का?"

"अरे, तू घाईत टाकलीस ती नोट. उद्या तुझ्या मालकानं विचारलं, हा शब्द कोणी लिहिला, तर? आपल्या माणसाला आपणच सांभाळायचं."

"घाईत नव्हती टाकली, सर."



"मग आणखीच शहाणा आहेस."

दुरुस्ती छापा, असे मी म्हटले. कंपनीने लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागितली तर छापू, असे ते म्हणाले. मग मुलगी कितवीत गेली ते विचारले.

हमालाच्या बायकोने कामगार कार्यालयात भरपाईसाठी अर्ज केला. काही दिवसांनी तिचा दीर गेटवर आला. तो टेंपो चालवतो. खिशात ते कात्रण होते.

"तुमी पेपरवाले ना?"

"होतो."

"मंग ह्ये कुनी लिवलं? माझा भाऊ आत व्हता. धक्क्यावरनं त्याची चप्पल मी उचलली. वहिनीला हापिसात सांगतात, पेपरात परिसरात आलंय, म्हंजी गेटबाहेर. ती म्हनते, पेपरवाला आलाच नाय, मंग त्याला दिसलं कुठनं?"

मी चहाचा कप गेटच्या कट्ट्यावर ठेवला, आतून मूळ नोटची प्रत आणली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली, उलटी करून पाहिली.

"ह्याच्यावं शिक्का?"

"नाही."

"तुमच्या चाच्या कपावर कंपनीचं नाव हाय. आन् ह्या कागदावं नाय?"

शिक्का व्यवस्थापकांच्या कपाटात असतो. मी खाली माझी सही केली आणि हुद्दा लिहिला. त्याने कागदाची घडी घातली.

"तुमाला तरास नाय ना व्हनार, दादा?"

"बघू."

त्रास झाला नाही. अर्जाला जोडलेला तो कागद कार्यालयाने परत केला. जनसंपर्क कर्मचाऱ्याची सही कंपनीची धरता येत नाही, असे तिथल्या माणसाने सांगितले. दिराने मला फोन करून एवढेच कळवले. आवाज चढवला नाही. त्या सहीबद्दल कारखान्यात मला आजवर कोणीही विचारलेले नाही.

कंपनीच्या वकिलांनी अर्जाला उत्तर देण्यासाठी त्या बातमीचे कात्रण मागितले. आमच्या मूळ नोटमध्ये शब्द वेगळा होता, असे मी व्यवस्थापकांना सांगितले. दोन्ही शब्दांचा फरक इंग्रजीत समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मग वर्तमानपत्राने चूक सुधारली म्हणायची," ते हिंदीत म्हणाले. "फाइल कुठे आहे?"

फाइल माझ्या टेबलावर होती.

अपघात गेटबाहेर झाला, असे कंपनीचे लेखी म्हणणे आहे. सोबत कात्रणाची प्रत जोडली आहे. त्यावर 'खालापूर (वार्ताहर)' असे छापलेले आहे. सुनावणीची पुढची तारीख अद्याप मिळालेली नाही.