मेसईद रोडवरचे मुखालफे

किस्से काही कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. आखातात तीन मराठी माणसं रोज एका गाडीत बसून अल दुहैलहून मेसईदला जातात आणि संध्याकाळी परत येतात म्हटल्यावर दुसरं काय होणार? रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू, रेडिओवरचं अरबी कळत नाही. मग बोलणंच उरतं.

तिघांपैकी एक मी, गायधनी, मूळचा नाशिकचा, प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला. दुसरे सावंत, कुडाळचे, सेफ्टीतले, आमच्यात वयाने मोठे. तिसरा शिंदे, लातूरचा, सिव्हिलवाला, सगळ्यात नवा.

मुखालफा म्हणजे ट्रॅफिकचा दंड. इथे आलेला माणूस हा शब्द आभाराच्या 'शुक्रन'च्याही आधी शिकतो. साधा मुखालफा भरला की विषय संपतो, पण दारूचं तसं नाही. पिऊन गाडी चालवताना सापडलात तर आधी तुरुंग आणि नंतर बहुतेक थेट मुंबईचं विमान! सावंतांची मुलगी अनुया इथे अकरावीत आहे आणि घरातल्या सगळ्यांचा व्हिसा सावंतांच्या नावावर आहे. "माझ्यामुळे पोरीची बारावी बुडाली तर मी कुणाला तोंड दाखवू?" असं ते नेहमी म्हणतात. त्यामुळे ते दारूपासून लांब राहतातच, पण पोलिसाची गाडी नुसती समोरून गेली तरी ते सीटवर सरळ होऊन बसतात.

*

शिंदेला लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात त्याला पोलिसाने थांबवलं. "बताका?" म्हणाला. बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. शिंदेने दिलं. पोलिसाने पाहिलं, परत केलं आणि म्हणाला, "खलास."

म्हणजे झालं, जा. पण लातूरला माणूस खलास झाला म्हणजे काय झाला, हे सांगायला नको! शिंदे जागचा हलेना. मागे गाड्या तुंबल्या. शेवटी पोलीस कपाळाला हात लावून ओरडला, "यल्ला! यल्ला!"

यल्ला म्हणजे चल, निघ. दुसऱ्या दिवशी शिंदे गाडीत आम्हाला सांगत होता, "सावंतसाहेब, आधी म्हनला खलास. म्हनलं ठीकंय, हातापाया पडून बगू. तर तोच डोक्याला हात लावून 'या अल्ला, या अल्ला' करूलालाय! पोलिसालाच देव आठवला म्हनल्यावर माझं काय राह्यलं? मी तर बायकोला लातूरला फोन करून सांगितलं, येऊलालोय मी!"

बायकोने म्हणे विचारलं, "येताना खजूर आणताव का?"

*

हसायला मी सगळ्यात पुढे होतो, पण मी तरी कोण मोठा लागून गेलो होतो! माझी ड्रायव्हिंग टेस्ट अजून शेजारीपाजारी सगळ्यांना पाठ आहे.

इथे स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे आपल्या हाताला सवयीने जिथे इंडिकेटर सापडतो, तिथे वायपर असतो. परीक्षा घेणारे पोलीस अधिकारी शेजारी बसले आणि म्हणाले, "राइट." मी वायपर लावला. "लेफ्ट." वायपर. राउंडअबाउटला तर मी वायपर लावून काचेवर पाणीसुद्धा मारलं. त्यांनी शांतपणे खिडकीबाहेर हात काढून आभाळाकडे तळवा धरला आणि म्हणाले, "माफी मतर."

आपल्याला मतर माहीत नव्हतं, माफी माहीत होतं. मी म्हटलं, चला, माणूस दिलदार आहे. उतरताना त्यांना विचारलं, "सर, लायसन्स?" ते म्हणाले, "रुखसा माफी." रुखसा म्हणजे लायसन्स, एवढं मला क्लासमध्ये शिकवलेलं. मी दोन्ही हातांनी हात मिळवला, "शुक्रन, शुक्रन!" ते जरा चकित झाले. घरी वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, कंपाउंडमध्ये पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी लायसन्स आणायला गेलो तर आमचे ट्रेनिंगवाले पठाण उस्ताद माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "भाईसाब, माफी मतलब 'नहीं है'! बारिश नहीं है. लायसन्स भी नहीं है!"

उरलेले पेढे मी त्यांना दिले.

*

दुसऱ्यांदा पास झालो आणि गाडी घेतली. दसऱ्याला वैशालीने तिची पूजा केली. झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. कुंकू जरा पातळ झालं होतं, ते ओघळत पुढच्या बंपरवर आलं आणि नंबर प्लेटवरून खाली उतरलं. मी तसाच निघालो.

पहिल्याच सिग्नलला पोलिसाने बाजूला घेतलं. बंपरकडे बोट दाखवून गंभीरपणे विचारलं, "अ‍ॅक्सिडेंट? आदमी किधर?"

"नो सर, नो अ‍ॅक्सिडेंट!" म्हणालो खरा, पण दसरा इंग्रजीत सांगता येईना, हिंदीतही सुचेना. तोंडातून निघून गेलं, "सर, बर्थडे!"

"किसका?"

"गाडी का."

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. हार पाहिला, वाकून चाकाला चिकटलेलं चिरडलेलं लिंबूही पाहिलं. मग म्हणाला, "मबरूक! लेकिन बच्चे का मुँह धो के बाहर लाओ." आणि पाण्याची बाटली स्वतःच आणून दिली. नंबर प्लेट त्याच्यासमोर पुसली आणि निघालो.

*

शिंदेला एकदा सरकारी ॲपवर मुखालफा आला, गाडी चालवताना मोबाईल वापरल्याबद्दल. शिंदे म्हणाला, त्या दिवशी फोन घरीच विसरला होता, तर वापरणार कुठून! सावंत म्हणाले, "भरून टाक, पोलिसांशी वाद नको." पण शिंदे कसला ऐकतोय. ट्रॅफिकच्या ऑफिसात गेला.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने कॅमेऱ्याने काढलेला फोटो मोठा करून दाखवला. शिंदेच्या गालापाशी हात होता आणि हातात काहीतरी काळपट, चपटं.

"ये क्या है?"

"सर, ये भाकरी है. ज्वार का."

अधिकाऱ्याने फोटो आणखी मोठा केला. "मोबाईल नहीं?"

"नहीं सर. अंदर ठेचा है."

"लेकिन ये बीच में मुडा हुआ है."

शिंदे म्हणाला, "हां सर, फोल्डेबल है."

तिथले तिघेही अधिकारी इतके हसले की मागच्या रांगेतली माणसं पुढे येऊन बघायला लागली. मुखालफा रद्द झाला. मात्र शिंदेला तंबी मिळाली, की यापुढे भाकरीसुद्धा गाडी थांबवूनच खायची.

*

ऑफिसच्या एका साहेबांचा निरोप समारंभ शुक्रवारी दुपारी हॉटेलात होता. मोठ्या हॉटेलात प्यायला मिळतं, पण गाडी चालवणाऱ्याने ग्लासाला हात लावायचा नाही. आम्हाला तो प्रश्न कधीच पडत नाही, कारण आमच्याकडे सावंत आहेत. ते तर त्या दिवशी सफरचंदाचा ज्यूससुद्धा पीत नव्हते, कारण रंग तसा दिसतो! पांढरं ताक मागत होते. हॉटेलवाल्याने लबन आणून दिलं.

परत येताना चेकिंग लागलं. मी पुढे, शिंदे मागे. शिंदेने दोन बिअर घेतल्या होत्या, तो तोंड मिटून खिडकीबाहेर बघत बसला. पोलिसाने सावंतांना विचारलं, "ड्रिंक?"

"नो सर. नेव्हर. लबन ओन्ली."

पोलिसाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. स्टिअरिंग थरथरत होतं. "नो ड्रिंक, देन व्हाय शेकिंग?"

"सर," सावंत म्हणाले, "बिकॉज यू आर आस्किंग!"

पोलीस मागे सरकला. म्हणाला, "ओके, ओके. आय नॉट आस्क. यू गो."

*

शिंदेच्या खोकल्याचं थोडक्यात सांगतो. लातूरहून त्याच्या सासूबाईंनी खोकल्यावर कुठलंसं आसव पाठवलं होतं. तो दोन चमचे घेऊन सकाळी गाडीत येऊन बसला. सावंतांनी वास घेतला, बाटली मागवून लेबल वाचलं. त्यात अल्कोहोल असतं, असं लेबलवरच लिहिलेलं! सावंत म्हणाले, "मागे बस आणि काच पूर्ण खाली घे."

"साहेब, ऑगस्ट हाय!"

"असू दे."

मेसईदपर्यंत तो त्या गरम वाऱ्यात डोकं बाहेर काढून बसला. संध्याकाळी खोकला गेला होता. सासूबाईंना वाटतं, आसवाने गेला.

*

आणि हा मागच्या मे महिन्यातला.

मी सुट्टी संपवून परत येत होतो. मुंबईच्या विमानतळावर सावंतांचा भाऊ भेटायला आला आणि त्याने जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून घट्ट शिवलेलं एक गाठोडं हातात दिलं. "आईने दादासाठी कोकमचं आगळ दिलंय. फुटेल, कपड्यांत ठेवा." ठेवलं. इकडे सामान एक्स-रेतून गेलं, कुणी काही बोललं नाही. सकाळची वेळ होती. सावंत न्यायला आले होते.

आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा घट्ट रस, सावंतांचा जीव की प्राण. त्यांना दम निघेना. म्हणाले, "गायधनी, सोडा बघू, नुसता वास घेऊ द्या." मी चालत्या गाडीत शिवण उसवली. आतून निघाली व्हिस्कीची बाटली! चौकोनी, जाड काचेची, लेबल अर्धवट खरवडलेलं, पण नाव लांबूनही वाचता येईल असं. आत लालभडक द्रव गळ्यापर्यंत.

आणि पुढे, वळण संपलं तिथेच, चेकिंग.

बाटली लपवायला वेळच नव्हता. ती माझ्या मांडीवर तशीच. तरुण पोलिसाने काच खाली करायला सांगितली, आत पाहिलं आणि गाडी बाजूला घ्यायची खूण केली. मग तो आपल्या वरिष्ठांना बोलवायला गेला.

या वेळी सावंतांचे हात अजिबात थरथरत नव्हते. मला त्याचंच फार वाईट वाटलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बायकोला फोन करा. म्हणावं, अनुयाला आज शाळेतून तूच आण." ज्या माणसाने सफरचंदाचा ज्यूससुद्धा टाळला, त्याच्यापुढे मी ही बाटली आणून ठेवली होती.

वरिष्ठ आले. वयस्कर, दाढी पांढरी. त्यांनी सावंतांना यंत्रात फुंकायला लावलं. मग मला. दोन्ही वेळा शून्य. तरी त्यांची नजर बाटलीवरच.

"ये क्या?"

"सर, कोकम. विथ राइस. माय मदर सेंड."

"बोतल?"

"बोतल ऑल्सो मदर, सर."

"युवर मदर ड्रिंक व्हिस्की?"

"नो सर!" सावंत एवढ्या मोठ्याने ओरडले की तरुण पोलीस दचकला. "नेबर ड्रिंक! मदर ओन्ली वॉश!"

वरिष्ठांनी बूच उघडलं, वास घेतला. बोटावर एक थेंब घेऊन जिभेला लावला. नुसतं आगळ म्हणजे खारट आणि आंबट, दोन्ही एकदम! त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. मग तरुण पोलिसाच्या बोटावरही त्यांनी एक थेंब टाकला. त्याचे दोन्ही डोळे मिटले.

"खलास," वरिष्ठ म्हणाले. "तुम को मुखालफा नहीं. मदर को मुखालफा! बोतल इधर छोडो." त्यांनीच पाण्याची एक रिकामी बाटली आणून दिली आणि भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही आगळ तिच्यात ओतलं. तरुण पोलिसाने बाटली धरली.

सावंतांनी गाडी थेट पुढच्या पेट्रोल पंपावर नेली. तिथे गाडी लावली, डोळे पुसले आणि कुडाळला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"आये, व्हिस्कीच्या बाटलेत आगळ कित्याक घातलंस गो? पोलिसान धरल्यान माका! फुंकूक लायल्यान! नोकरी जायत होती, पोरगेची शाळा जायत होती! ता आगळ तेणी बोट घालून चाखून बगल्यान, तेवा सोडल्यान!"

पलीकडून आईचा आवाज आला.

"चाखल्यान?"

"होय गो!"

"मगे? आवाडला तेका?"